याला सूज येत नाही

“हलू नको. झालंच बघ.”

प्लास्टरची ओली पट्टी हातात आली की ते असं म्हणायचे, आणि म्हणायचे ते हाडाला. हाडही कसलं, तर नदीच्या दरडीत कधीकाळी गाडल्या गेलेल्या जनावराचं. माणसाने पेरायला सुरुवातसुद्धा केली नव्हती तेव्हाचं. ते कशाला हलतंय! पण हे म्हटल्याशिवाय त्यांचा हात पुढे होत नसे. म्हणून झालं की तळहाताने हलकेच थोपटायचे. तुम्ही लहानपणी हात मोडून घेतला असेल, तर अशी एखादी थोपटणी तुमच्याही आठवणीत असेल.

त्यांची सारी नोकरी एका दवाखान्यात गेली. डॉक्टर हाड बसवायचे, हे प्लास्टर घालायचे. नोकरी संपल्यावर संगमनेरला घरी बसून होते. त्याच सुमारास पुण्याच्या मॅडम आमच्या गावाखाली प्रवरेच्या काठाशी खोदकामाला आल्या. जुनी हाडं मातीतून काढताना ती प्लास्टरमध्ये गुंडाळावी लागतात, नाहीतर उचलताना ढासळतात. मॅडमनी गावात प्लास्टर करणारा माणूस विचारला, तर आधी एक गवंडी थापी घेऊन हजर झाला. त्याला चहा पाजून परत पाठवला. मग कुणीतरी यांचा पत्ता दिला आणि हे एसटीने आले. आम्ही बायका त्यांना आबा म्हणायला लागलो.

उंच, वाळकी अंगकाठी. पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. नखांच्या कडेला प्लास्टर इतकं मुरलेलं की ते हात धुवून जेवायला बसले तरी बोटं पांढरीच दिसायची.

माणसं त्यांना नावाने आठवायची नाहीत. मोडलेल्या हाडावरून आठवायची. पारूबाई पहिल्या दिवशी घमेलं घेऊन समोरून गेली, तर म्हणाले, “तू मनगटवाली ना गं? झोक्यावरून पडलेली?”

पारूबाई थांबली. “व्हय की! लगीन बी नव्हतं झालं तवा माझं. तुमी वळखलं कसं?”

“तोंड न्हाई वळखलं. घमेलं धरायची रीत वळखली. आजून उजव्या हातावर भार देत न्हाईस.”

ज्यांच्या शेताच्या दरडीत आम्ही खोदत होतो ते दगडूभाऊ पाहणी करायला आले, तेव्हा आबा हसून म्हणाले, “या, कोपर!” दगडूभाऊंनी शर्टाची बाही वर करून वाकडं कोपर सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर आबांनी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

मी चाळणीवर होते. खणलेली माती घमेल्याने यायची, ती डोहाच्या पाण्यात चाळायची आणि चाळणीत राहील ते निवडायचं. दाताचे तुकडे, शिंपल्या, गोगलगायींचे बारके शंख. मला हे काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा आतून चिकटतो. पारूबाई माझ्या वाटचंही बोलते, त्यामुळे आमचं दोघींचं जमतं. आबा मात्र येता-जाता विचारायचे, “ताई, तुझ्या तोंडाला कुनी प्लास्टर घातलं गं? काढायची तारीख उलटून गेली की.”

मी चाळणीत बघत राहायचे.

मॅडम तरण्या होत्या, पण कामात असल्या की कपाळाला आठी. मात्र माझ्या चाळणीत काही निघालं की ती आठी जायची. एकदा बारीक शंखांची ओंजळ भरली. मॅडम म्हणाल्या, “या गोगलगायी वाहत्या पाण्यात राहत नाहीत. साठलेल्या पाण्यात राहतात. म्हणजे इथे पाणथळ होती. भोवती उंच गवत असणार.”

पारूबाईने माळाकडे बघितलं. तिकडे तिचं माहेर आहे. “आन आता तितं टँकर येतो,” ती म्हणाली.

“किती वर्षं झाली आसतील, मॅडम?” आबांनी विचारलं.

“तपासल्याशिवाय आकडा सांगणार नाही, आबा. पण तुमच्या-माझ्या मोजण्यात बसणारी नाहीत.”

त्याच दिवशी मला एक मातीचा कडक गोळा मिळाला. आत शंख नव्हताच. नुसता त्याचा पीळ उमटलेला होता. मी तो टाकून देणार, तेवढ्यात मॅडमनी हात धरला. शंख विरघळून गेला, पण चिखलात त्याचा ठसा राहिला, आणि ठसासुद्धा तितकाच खरा असतो, असं त्यांनी सांगितलं. आबांनी करंगळीचं टोक त्या ठशात घालून बघितलं. “जीव गेला, घर गेलं,” म्हणाले, “चौकट तेवढी हाय.”

आता घडलं ते सांगते.

दरडीत एका जंगली बैलाच्या पायाचं हाड उघडं झालं होतं. आजच्या बैलापेक्षा किती मोठा असेल ते त्या एका हाडावरून कळत होतं. मॅडमनी ते आबांच्या हाती सोपवलं. आबांनी जीव ओतून काम केलं. आधी कापसाचा जाड थर, त्यावर गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून. मधे मधे बोट घालून बघायचे, जागा राहिली ना. काम इतकं सुबक की दगडूभाऊ म्हणाले, “आबा, ह्यो बैल आता उठून चालंल.”

दुसऱ्या दिवशी ते हाड उचललं, आणि आतून आवाज आला. खुळखुळ्यासारखा.

मॅडमनी ते सावलीत ठेवून वरचं प्लास्टर कापलं. आत भाकरीचा चुरा व्हावा तसा हाडाचा चुरा होता. मॅडम मांडी घालून त्याच्यापुढे बसून राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “आबा, याला सूज येत नाही.”

आमच्या आधी आबांना कळलं. जिवंत माणसाचं हाड मोडलं की अंग सुजतं. म्हणून प्लास्टर घालताना कापूस घालतात, थोडी जागा सोडतात. आबांचा हात इतकी वर्षं तसाच चालला होता. मेलेल्या हाडाला तीच मोकळी जागा घातक. त्याला आवळून धरावं लागतं. अंगाशी, गच्च.

आबांनी तो चुरा एकेक करून फडक्यात गोळा केला. त्या दिवसापासून मॅडम स्वतः प्लास्टर करायला लागल्या. मला वाटलं आबा आता यायचे नाहीत. पण ते पहिल्या एसटीने आले आणि घमेली उचलायला लागले. पारूबाई बोललीच, “काय आबा, आमच्यात भरती झाला व्हय?”

“झालो. तुझं मनगट सांभाळायला.”

दुपारी बाभळीखाली जेवताना ते माझ्याजवळ बसले. न बोलणाऱ्या माणसाजवळ बोलता येतं म्हणून असेल. म्हणाले, “नोकरीला नवा हुतो. एका पोरीच्या हाताला प्लास्टर केलं. आवळून केलं, छान दिसावं म्हनून. पोरगी रडत हुती, तर आमी म्हनलं दुखनारच. मग बघतो तर बोटं निळी.” त्यांनी आपल्या पांढऱ्या बोटांकडे बघितलं. “कापलं लगेच. वाचला हात. पन तवापासून माझा हात ढिला पडला बघ. आता आवळ म्हनलं तरी आवळत न्हाई. डोकं सांगतं, हात ऐकत न्हाई.”

मी त्यांच्या ताटलीत मिरचीचा ठेचा वाढला.

मग तो जबडा सापडला.

हत्तीचा. पण आपल्या देवळापुढे उभा असतो तो हत्ती नव्हे. फार आधीचा, आता कुठेच नसलेला. आधी दात दिसला, आपल्या पाट्याएवढा, आणि पाट्याला टाकी लावावी तशा त्याच्यावर आडव्या रेघा. त्यामागे हाड, त्यात पलीकडचा दात. मॅडम कितीतरी वेळ हसत होत्या आणि चष्मा पुसत होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून दाखवलं. सुटे दात मिळतात, म्हणाल्या, पण असा सलग जबडा क्वचित. दात कसे झिजले त्यावरून त्याने काय खाल्लं ते कळतं. गवत, की झाडाचा पाला. कोणत्या वयाचा होता ते कळतं. इथलं पाऊसपाणी कसं होतं तेसुद्धा दाताच्या आत लिहिलेलं असतं.

“पण तो आहे तसा निघाला पाहिजे. तुटला तर दात हाती राहतील, ओळ जाईल. ओळ गेली की वाचता येणार नाही.”

जबडा नदीपात्राच्या अगदी लगत होता, पाणी आलं की बुडेल अशा जागी. पण एवढा डोह सोडला तर पात्र कोरडं होतं, आणि धरणातून पाण्याचं आवर्तन सुटायला अवकाश आहे असं सगळे सांगत होते. मॅडम सावकाश, कुंचल्याने माती काढत होत्या.

सकाळची वेळ होती. दगडूभाऊ बांधावरून ओरडतच आले, मोबाईल हातात धरून. “मॅडम, पानी सुटलं! लवकर सोडलंय. वरचा बंधारा भरून सांडाय लागलाय. जेवनाच्या टायमाला आपल्याकडं!”

गावात आनंद होता. वरच्या आळीतून पाण्याच्या मोटारी नदीकडे निघाल्या होत्या, पाइप ओढले जात होते. मॅडमनी कुणाला तरी फोन लावला. पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मॅडम म्हणाल्या, “नाही, नाही, थांबवा म्हणत नाही मी. गुरं तहानलीत, मला दिसतंय. फक्त वेळ विचारत होते.” आणि फोन ठेवला. आठी परत कपाळावर.

कामं दोन होती. कुणीतरी जबड्याच्या खालची माती काढायला हवी होती, आणि हाड कुठे संपतं ते फक्त मॅडमना ठाऊक होतं. आणि त्याच वेळी वरून प्लास्टर चढायला हवं होतं. मॅडमनी आमच्याकडे बघितलं. मग आबांकडे.

आबांनी घमेलं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. “मॅडम, माजा हात…”

“आबा, दुसरं कोण आहे?”

त्यांनी बाह्या सरकवल्या. पारूबाईला म्हणाले, “चहाचं पातेलं चढव. चहा न्हाई, नुसतं पानी. कोमट पान्यात प्लास्टर लवकर धरतं.” मग माझ्याकडे वळले. “ताई, तू इथं बस. माज्या हाताकडं बघायचं. दुसरीकडं न्हाई. पट्टी ढिली पडली की सांगायचं. मोठ्यांदा.”

मी मान हलवली.

“मान नको. तोंड.”

या वेळी कापूस नाही. ओला मऊ कागद हाडावर चिकटवला, आणि पहिली पट्टी पडली. “हलू नको. झालंच बघ.” मॅडम खाली आडव्या पडून माती खरवडत होत्या, त्यांचे फक्त पाय दिसत होते. पट्टीवर पट्टी चढत होती. आणि मला दिसलं. दाताच्या बाजूला वळसा घेताना आबांचं बोट पट्टीखाली गेलं. सवयीने. जागा राहिली ना, ते बघायला. बोट निघालं आणि पट्टी फुगीर राहिली.

आबा पुढची पट्टी बुडवत होते. ती त्यावर पडली असती तर संपलं असतं.

“आबा, ढिलं!”

माझाच आवाज मला परका वाटला. पलीकडे बांधावर दगडूभाऊंनीसुद्धा वळून बघितलं. आबांनी पट्टी उचकटली, परत बसवली, दोन्ही तळव्यांनी दाबली.

“आजून ढिलं?”

“कोपऱ्यात.”

“आता?”

“आता गच्च.”

नंतर मी किती वेळा ओरडले ते आठवत नाही. आबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते पुटपुटत होते, पण आता हाडाला नव्हे. “दुखत न्हाई ह्याला. न्हाई दुखत. आवळ.”

मग कुणीतरी म्हणालं, आलं.

कोरड्या नदीत पाणी येताना तुम्ही बघितलं आहे का? लाट नसते. पुढे वाळका पाचोळा, काटक्या, फेस, आणि मागून तपकिरी जीभ, खाचखळगे चाटत येणारी. आवाजही फार नाही. घाई नसल्यासारखं येतं, आणि बघता बघता पायाशी.

मॅडम खालून बाहेर आल्या, केसांत माती. “सुटलंय. उचला!”

“थांबा,” आबा म्हणाले. त्यांनी बोटाच्या पेराने प्लास्टरवर टकटक केलं. आवाज ओला आला. कडेला अंगठा दाबला, तो आत रुतला. “न्हाई धरलं आजून.”

“आबा, पाणी बघा!”

“बघितलं. आता उचललं तर वाकंल. वाकलं की ओळ गेली. तुमीच म्हनला.”

पारूबाई रडायच्या बेताला आली होती. पाणी आमच्या चाळणीपाशी आलं, चाळण तरंगायला लागली. कुणी ती धरायला गेलं नाही. आबा जबड्यापाशी उकिडवे बसून होते, हात प्लास्टरवर पसरून, तापलेल्या अंगावर ठेवावा तसा. पाणी त्यांच्या चपलांत शिरलं. त्यांनी परत टकटक केलं. कान लावला. परत केलं.

टक.

कोरडा, भरीव आवाज. मलाही कळला.

“कोपर! ये इकडं!” आबा ओरडले.

दगडूभाऊंची मोटार अजून काठावरच होती, पाइप जोडायचा होता. त्यांनी पान्हा टाकला आणि धोतर खोचत खाली उतरले. त्यांच्या मागून शेजारच्या शेतातली माणसंही आली. बाज आणली होती. जबडा उलटा करून बाजेवर घेतला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून उचलला. माझा खांदा आबांच्या खांद्याला लागून होता. गुडघाभर पाण्यातून दरड चढलो. वर येऊन बाज टेकवली तेव्हा मागे आमचा खड्डा नव्हताच. नुसतं पाणी.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “निघालं म्हनायचं एकदाचं तुझं प्लास्टर.”

उघडी बाजूही प्लास्टरने बंद झाली आणि टेम्पो पुण्याला निघाला, तेव्हा आबा मागे, जबड्याशेजारी बसले. एक हात त्याच्यावर. संगमनेरच्या स्टँडवर उतरणार होते. उतरण्याआधीच मॅडमना सांगून ठेवलं, “काढताना मला बोलवा. मी घातलेलं प्लास्टर मी दुसऱ्याला काढू देत न्हाई.” दवाखान्यातही त्यांचा तो नियम होता म्हणे. सुट्टी असली तरी यायचे.

पण अशी कामं लगेच होत नाहीत. मॅडमच्या आधी पुण्याच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांची हाडं रांगेत होती. आबा मला फोन करायचे. मॅडमना त्रास नको म्हणून मला. हॅलो नाही, काही नाही.

“निघालं का?”

“न्हाई, आबा.”

“आत काय झालं आसंल गं? टेम्पोत त्या खड्ड्यांनी लई आदळलं. मी हात धरून हुतो, पन संगमनेरपत्तुरच.”

“गच्च होतं, आबा. मी बघत होते.”

“व्हय. तू बघत हुतीस.” आणि फोन ठेवायचे. थोड्या दिवसांनी परत तेच. मी इतकी वाक्यं फोनवर कधी कुणाशी बोलले नव्हते.

थंडीत फोन आला तो त्यांच्या मुलाचा. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. मी आणि पारूबाई गेलो. अंगणात माणसं मावत नव्हती. लंगडत चालणारी, हात जरा वाकडा असलेली, काठी टेकत आलेली. पारूबाई माझ्या कानाशी म्हणाली, “सगळी ह्यांचीच बघ.”

जबडा त्यानंतर उघडला. मॅडमनी व्हिडिओ कॉल केला. त्यांच्या हातात कापायचं मशीन होतं, पण त्या सुरू करत नव्हत्या. “तू बघ,” म्हणाल्या. “तू तिथे होतीस.” मी चुलीपुढे बसले होते, मोबाईल डब्याला टेकवून. प्लास्टर कापल्याचा आवाज किती वेळ चालला. मग वरचं टरफल निघालं. मॅडम खाली वाकल्या, मला नुसतं छत दिसत होतं. मला खुळखुळ्याचा आवाज आठवला.

“मॅडम?”

त्यांनी मोबाईल खाली धरला. मऊ कागद अंगाला चिकटलेला, आणि त्याखाली दोन्ही दात, मधलं हाड, सगळं सलग. मागे एक भेग होती. ती जुनीच, नदीतली, असं मॅडम म्हणाल्या. “गवत खायचा गं,” असंही म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला लागल्या.

फोन बंद झाल्यावर मी सवयीने आबांचा नंबर काढला होता. नावावर बोट ठेवून तशीच बसले.

पुढच्या हंगामात मॅडम आल्या तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी घेऊन आल्या. काढलेलं प्लास्टर टाकून देतात, पण कडेचा हा तुकडा त्यांनी मागे ठेवला होता. त्यावर अंगठा रुतलेला आहे. पाणी येत होतं तेव्हाचा. त्याच्या रेषासुद्धा नीट दिसतात.

तो माझ्या फळीवर असतो. घरात कुणी नसलं की मी खाली काढते. त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून बघते. सैल बसतो. भोवती थोडी जागा राहते, सूज आली तर असावी म्हणून सोडलेली असावी तशी.